आकडा दिसला नाही म्हणजे साथ नव्हती, असं नाही

लंडनच्या एखाद्या बरोतल्या (म्हणजे स्वतःचा स्थानिक कारभार असलेल्या विभागातल्या) १९२०-३० च्या साथी शोधायला घेतल्यास ना, मग तिथल्या मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थचा, म्हणजे आरोग्य अधिकाऱ्याचा, वार्षिक अहवाल उघड आणि आधी घटसर्पाचा तक्ता बघ. डॉक्टरांनी कळवलेले रुग्ण वेगळे, मृत्यू वेगळे. गल्लत करू नकोस. मूल दुसऱ्या भागातल्या तापाच्या (संसर्गजन्य रोगांच्या) इस्पितळात दगावलं, तरी मृत्यू राहत्या बरोच्या खात्यात धरत.

खरा घोळ गोवराचा. देशभर त्याची सक्तीची नोंद १९१६ ते १९१९ एवढीच होती. पुढे रुग्णांचा रकाना रिकामा दिसला की नवखे लोक साथ ओसरली असं लिहून मोकळे होतात. पोरं मरतच होती रे! तिथे मृत्यूंचाच आधार घे. आणि १९२१ व १९३१ या दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांची लोकसंख्या अंदाजाची असते, मृत्यूदर काढताना तेवढं बघ.