वाचकांचे प्रश्न : आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करताना

प्रश्न : एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी ‘भारत-पोर्तुगाल संबंध आणि गोवामुक्ती’ हा विषय दिला होता. ‘फार पसरट आहे’ म्हणून सरांनी परत केला. १९४७ ते १९६१ असा काळ आखून पुन्हा दिला, तरी शेरा तोच. काय चुकतंय? (एक विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : वर्षं कमी केलीत, तरी तुमच्या हातात अजून विषयच आहे, प्रश्न नाही. ‘काय घडलं’ हे सांगायला निघालात तर चौदा दिवसांवरही तीनशे पानं होतील. ‘असंच का घडलं, वेगळं का नाही’ असं जिच्याबद्दल विचारता येईल अशी एकच घटना शोधा. तुमच्या विषयात ती आहे.

१८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आला. युद्धबंदी करावी आणि भारताने सैन्य मागे घ्यावं, असा मसुदा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने मांडला. तेव्हा परिषदेचे सदस्य ११ होते. बाजूने ७ आणि विरोधात ४ मतं पडली. विरोधातलं एक मत सोव्हिएत संघाचं, म्हणजे नकाराधिकार. ठराव तिथेच पडला. उरलेली तीन मतं सिलोन (आताचा श्रीलंका), संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) आणि पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची. पहिले दोन देश अलिप्त गटातले, त्यांचं मत समजण्यासारखं आहे. लायबेरिया तर अमेरिकेच्या अगदी जवळचा. तो तिच्या मसुद्याविरुद्ध का गेला? हा प्रश्न साठ-सत्तर पानांत नीट मावतो.

आता सिद्धान्ताकडे. पुष्कळ लघुप्रबंधांत दुसरं प्रकरण वास्तववाद (देश सत्ता आणि स्वार्थ पाहून वागतात), उदारमतवाद (संस्था आणि सहकार्याने देशांचं वागणं बदलतं) आणि रचनावाद (देशाची स्वतःविषयीची कल्पना त्याचं वागणं ठरवते) यांची वीस पानं ओळख करून देतं. पुढे त्यांचं नावही निघत नाही. ती वीस पानं वाया जातात. त्याऐवजी प्रत्येक सिद्धान्ताला विचारा, तुझ्या म्हणण्याप्रमाणे लायबेरियाने काय करायला हवं होतं? सरधोपट वास्तववाद म्हणेल, छोटा देश बड्या मित्रामागे जाईल. तसं झालं नाही. रचनावाद म्हणेल, वसाहतवादाला विरोध हा या देशाच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचाच भाग होता. मग तो आधीही दिसायला हवा, आणि दिसतो: त्याच वर्षी पोर्तुगालच्या ताब्यातल्या अंगोलाचा प्रश्न परिषदेत लायबेरियानेच आणला होता. १९६० मध्ये इथिओपियाबरोबर तो नैऋत्य आफ्रिकेच्या (आताच्या नामिबियाच्या) प्रश्नावरून दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयातही गेला होता. पण इथेच थांबू नका. नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांचं पुढारपण मिळवायचा हिशेब यामागे असेल, तर वास्तववाद मागच्या दाराने परत आला. कोणता पुरावा सापडला तर आपलं उत्तर चुकीचं ठरेल, हे प्रस्तावनेतच लिहा.

साधनं घरबसल्या मिळतात. परिषदेच्या ९८७ आणि ९८८ क्रमांकाच्या बैठकांची शब्दशः इतिवृत्तं संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात मोफत आहेत. मात्र सभागृहात देश जे कारण सांगतो ते खरं कारण असेलच असं नाही, म्हणून त्याला अंतर्गत पत्रव्यवहाराची जोड हवी. त्यासाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याने छापलेले जुने दस्तऐवज पाहा आणि आपल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर शोध घ्या.

दादरा-नगरहवेलीच्या वाटेबद्दलचा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १२ एप्रिल १९६० चा निकाल वापरणार असाल तर ‘भारत जिंकला’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना भारताच्या हद्दीतून नेण्या-आणण्याचा पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रांसाठी नाकारला. भारताने आपल्या बंधनांचा भंग केला नाही, असंही ठरवलं.

प्रश्न : ही एम.ए. केल्यावर परराष्ट्र सेवेत थेट जाता येतं का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : नाही. वाट यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेची आहे, आणि तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतला तर ५०० गुणांच्या तयारीत या अभ्यासाचा उपयोग होतो, इतकंच.

प्रश्न : बी.एस्सी. झालोय, शाळा मराठी माध्यमाची. या विषयात प्रवेश मिळेल का? झेपेल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : बऱ्याच ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो; पात्रता त्या-त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकातच तपासा. जेएनयू आणि पुद्दुचेरी विद्यापीठाचे प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात. ७५ प्रश्न असतात, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत, मराठीत नाही. मुलं दोन ठिकाणी फसतात. विद्यापीठाने सांगितलेल्या विषयाऐवजी दुसऱ्याच विषयाचा पेपर निवडतात. आणि परीक्षेचा अर्ज केला म्हणजे झालं असं समजून विद्यापीठाचा वेगळा अर्ज भरायचा राहतो. तो राहिला तर चांगले गुणही कामाला येत नाहीत.

झेपण्याचं म्हणाल, तर आठवड्याला एक इंग्रजी लेख दोनदा वाचा. आधी सुरुवात आणि शेवट वाचून लेखकाचं म्हणणं दोन वाक्यांत मराठीत लिहा, मग पूर्ण वाचून तेच इंग्रजीत. पारिभाषिक शब्दांची वही ठेवा, पण मराठी प्रतिशब्द नुसता पाठ करू नका. ‘अराजक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दंगल, लुटालूट येते. या विषयात त्याचा अर्थ एवढाच, की राष्ट्रांच्या वर हुकूम चालवणारी कोणतीही सत्ता नाही. अगदी शांततेच्या काळातही हे अराजक असतंच.