श्रद्धांजलीला पहिल्यांदाच उभा राहतोयस ना?

निपाणीच्या पोरांसमोर बास्केटबॉलपटू बिल रसेल यांच्याबद्दल बोलणार आहेस, फार बरं वाटलं. घाबरू नकोस. नवखा माणूस सगळी आकडेवारी वाचत सुटतो आणि तिथंच फसतो. तू दोनच गोष्टी घे:

- बोस्टन सेल्टिक्स या संघाकडून 13 हंगामांत 11 विजेतेपदं.
- 1966 मध्ये एनबीएचे (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक.

बाकी वेळ त्यांच्या ब्लॉकला दे, म्हणजे समोरच्यानं बास्केटकडे फेकलेला चेंडू हवेतच अडवण्याला. जोरात फटकावून ते चेंडू बाहेर घालवत नसत. बोटांनी हलकेच वळवून आपल्याच गड्याकडे सोडायचे. हे नुसतं सांगू नकोस, चेंडू हातात घेऊन दाखव. पोरांना तेच आठवणार.

‘भरून न निघणारी पोकळी’ वगैरे टाळ. चार मिनिटं पुरेत. कागद बघून बोललास तरी चालतंय.