आर्म वाढवू का, केबिन उचलू का? घडीच्या ट्रायमरानबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घडीच्या ट्रायमरानवर लिहिलं होतं. मधे मुख्य हल (होडीचं अंग), दोन्ही बाजूंना आर्मवर एकेक फ्लोट (मालवणकडचे लोक उलांडी म्हणतात तीच, फक्त दोन्हीकडे), आणि आर्म दुमडले की आख्खी होडी ट्रेलरवर. वाटलं होतं घाटावर बसून हे कोण वाचणार, पण पत्रं आली आणि तीसुद्धा अशी की उत्तर देताना कागद-पेन्सिल घ्यावी लागली. काही इथे देतोय.

प्रश्न: सर, मी आणि माझा मेव्हणा मिळून गोव्यातनं एक जुना १८ फुटी फोल्डिंग ट्रायमरान घेतलाव. प्लायवूड आणि फायबरग्लासचा आहे, आर्म अ‍ॅल्युमिनियम पाइपचे. उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे, त्यामुळे कामाची अडचण नाही. विचार असा आहे की आर्म चारचे पाच फूट करायचे म्हणजे होडी जास्त स्टेबल, आणि केबिन आठ इंच वर उचलायची कारण आत बसलं की डोकं लागतंय. वेल्डिंग आमच्याकडेच होतं. करू का? – बेळगाव

उत्तर: आर्म वाढवू नका. का ते नीट सांगतो, कारण मशीन शॉपवाल्याला नुसतं नको म्हटलं तर तो रविवारी कटर घेऊन बसणारच.

वारा शिडाला लागला की होडी कलते, वाऱ्याखालचा फ्लोट पाण्यात दाबला जातो आणि पाणी त्याला वर ढकलतं. तो जोर गुणिले आर्मची लांबी, एवढा बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) आर्मच्या मुळाशी, म्हणजे हलला जिथे जोडलाय तिथे येतो. चारचे पाच फूट केले की फ्लोट तोच असला तरी मुळाशी भार सरळ २५ टक्के वाढला. आर्म तुम्ही जाड पाइपचा कराल, पण हलच्या आत ज्या प्लायच्या बल्कहेडला (आतल्या आडव्या भिंतीला) तो धरलाय ती काही जाड होत नाही ना. शिवाय रुंद होडी कमी कलते, म्हणजे झोत आला की वारा सांडून द्यायचा सोडून ताठ उभी राहते आणि सगळा ताण डोलकाठीवर, वायरवर आणि वायरच्या चेनप्लेटवर (वायर होडीला धरणाऱ्या पट्टीवर) जातो. जुन्या होडीत हेच भाग आधी थकलेले असतात.

आणि घडी? इयन फॅरियर हा मूळचा न्यूझीलंडचा माणूस, त्यानं ऑस्ट्रेलियात १९७०च्या दशकात या घडीवर डोकं लावलं, मग कॅलिफोर्नियात १९८५च्या सुमाराला कोर्सेअर कंपनीची एफ-२७ ही घडीची होडी आली, उघडली की १९ फुटांच्या वर रुंद आणि मिटली की साडेआठ फुटांच्या आत, कारण तिथल्या रस्त्यावर तेवढीच रुंदी चालते. आर्म आणि त्याखालचे दांडे यांच्या खिळीच्या जागा अशा बसवल्यात की फ्लोट आत येताना खाली जातो आणि हलला चिकटतो. तुमच्याकडे तीच पद्धत असेल किंवा साधी बिजागरी असेल, एक लांबी बदलली की फ्लोट कुठे जाऊन बसेल ते आधी पुठ्ठा कापून बघा. बहुतेक ट्रेलरच्या मडगार्डवर बसेल.

वेल्डिंगचं म्हणाल तर पाइप ६०६१-टी६ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर वेल्डच्या शेजारची पट्टी गरम होऊन साधारण ४० टक्के ताकद घालवते, बाहेरून मात्र चकचकीत दिसतं. खिडक्यांच्या दुकानात मिळतो तो बहुतेक ६०६३, तो तर मुळातच मऊ. म्हणून आर्मच्या मधोमध वेल्ड कधीच नाही, दुरुस्ती लागली तर आत घट्ट स्लीव्ह घालून बोल्ट.

तुमच्या लेथचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. होडी स्टँडवर घ्या, आर्म उघडून लॉक करा, एकाला फ्लोटच्या टोकाला धरून वर-खाली हलवायला सांगा आणि तुम्ही सांध्यावर बोट ठेवा, अर्धं खिळीच्या टोकावर आणि अर्धं पाइपवर. कट्-कट् असं बारीक लागलं तर भोक लंबगोल झालंय. अठरा फुटीत दहातल्या आठ वेळा लागतंच. ते भोक मोठं करून बुश (भोकात बसणारी नळी) बसवा. आणि बुश नायलॉनचा नको, उद्यमबागेत पहिला हात नायलॉन रॉडकडेच जातो पण नायलॉन पाणी पितो, फुगतो, मग खिळ निघता निघत नाही आणि तुम्ही जेटीवर हातोडा शोधत बसता. डेलरिन घ्या नाहीतर ब्राँझ. बोल्ट एसएस ३१६चा, ३०४ गोड्या पाण्यात चालून जाईल पण खाऱ्यात तांबूस डाग पडतात आणि बारीक खड्डे. बोल्टचा आट्यांचा भाग भोकाच्या आत येता कामा नये, गुळगुळीत शँकवरच भार यायला हवा. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे भेटतं तिथे मधे प्लास्टिक वॉशर आणि इन्सुलेटिंग पेस्ट, नाहीतर वर्षा-दोन वर्षांत अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी.

केबिनचं छप्पर कायमचं उचललं तर वजन वर गेलं आणि वाऱ्याला भिंत मिळाली. त्यापेक्षा पॉप-टॉप करा, छपराचा मधला भाग बिजागरीवर, नांगर टाकल्यावर उचलायचा, बाजूला कॅनव्हास. डोकं लागणार नाही. प्लाय ७१० मार्काचा (मरीन प्लाय) बघून घ्या, आणि कापलेल्या कडेला इपॉक्सी पाजल्याशिवाय स्क्रू लावू नका.

प्रश्न: आमचं गाव हिडकल धरणाच्या जवळ. समुद्र लांब, पण बॅकवॉटर एवढं मोठं आहे, तिथे शिडाची होडी चालेल का? डॅगरबोर्ड बरा की सेंटरबोर्ड? – हुक्केरी तालुका

उत्तर: चालेल, पाणी चांगलं आहे. पण आधी पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी, आणि भिंतीपासून, दरवाजांपासून लांब. राकसकोपचा विचार करत असाल तर सोडून द्या, ते बेळगावचं पिण्याचं पाणी आहे.

बोर्ड म्हणजे होडी बाजूला घसरू नये म्हणून हलखाली पाण्यात जाणारी फळी, आणि कुठला बरा याचं उत्तर तुमच्या धरणानंच दिलंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं हे तुम्हाला मी काय सांगणार. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत तेच मंदिर आणि तसलीच जुनी बांधकामं पाण्याखाली कुठेतरी दडलेली असतात. सरळ खाली जाणारा डॅगरबोर्ड दगडाला लागला तर जागा सोडत नाही, त्याची पेटी फुटते आणि पाणी थेट हलमध्ये. खिळीवर फिरणारा सेंटरबोर्ड लागला की मागे उचलला जातो. वाऱ्याकडे जाताना डॅगरबोर्ड थोडा सरस असतो हे खरं, पण हिडकलसाठी मी सेंटरबोर्डच घेईन आणि सुकाणूपण उचललं जाणारं. उन्हाळ्यात एकदा काठानं फिरून काय कुठे उघडं पडलंय ते फोनवर मार्क करून ठेवा, फुकटचा नकाशा होतो.

अजून एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. धरणाच्या काठानं शेतीपंपांच्या तारा गेल्यात, उन्हाळ्यात त्या लोंबतात. डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची, २४-२५ फूट उंच, ट्रेलरवर उभी केली की अजून तीन फूट वर. आधी वर बघायचं, मग काठी उचलायची. आणि काठी उभी असताना ट्रेलर एक फूटसुद्धा ढकलायचा नाही.

प्रश्न: आम्ही दोघं शिक्षक, मुलं दोन (१३ आणि १०). नवऱ्याने १८ फुटी ट्रायमरान मित्राबरोबर भागीत घेतलाय, नुसती होडी ३५० किलो भरते. दिवाळीनंतर कारवारहून निघून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यानं जायचं, रात्री होडीतच झोपायचं असं चाललंय. मला पोहता येतं पण मला हे झेपेल असं वाटत नाही, खरं सांगा. – खानापूर

उत्तर: ताई, खरं सांगायचं तर बेत चांगला आहे फक्त उलटा आहे. दिवाळीनंतर आपल्या किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, दहा-अकराला पडतो, मग दुपारी खारा वारा वायव्येकडून धरतो आणि संध्याकाळी शांत. कारवारहून उत्तरेला जायचं म्हणजे रोज दुपारी वारा आणि लाट तोंडावर, सत्तरेक सागरी मैल नागमोडी. मुलं ओकणार आणि तुम्ही परत होडीत पाय ठेवणार नाही. वेंगुर्ल्याहून सुटा आणि कारवारला उतरा. तोच वारा पाठीमागून आणि बाजूनं मिळतो, ट्रायमरानला हवाच तो.

सकाळच्या वाऱ्यात किनाऱ्याजवळून सुटायचं, मधे पडला की जेवण, तीननंतर मुक्कामाच्या जागी तोंड. आग्वाद आणि मुरगावच्या मधे मोठ्या जहाजांचा रस्ता आहे तो काटकोनात झटपट ओलांडायचा. खाली दक्षिण गोव्यात पाळोळेचा आत वळलेला किनारा वायव्येच्या वाऱ्यापासून बऱ्यापैकी आडोसा देतो. कारवारच्या तोंडाशी अंजदीव बेटाकडे जायचंच नाही, तो नौदलाचा भाग, काळी नदीत सदाशिवगडाच्या बाजूला शिरा. तिथे जुना पूल २०२४च्या ऑगस्टमध्ये पडला, म्हणून पुलाच्या खांबांजवळ आणि खालून जायचं काही डोक्यात आणू नका, तशीही तुमची डोलकाठी किती उंच आणि पूल किती हा हिशोब वेगळाच. तीन राज्यांची बंदर कार्यालयं आणि किनारी पोलीस, सगळीकडे आधी कळवायचं. आपल्या सीमाभागातल्या माणसाला एका कामासाठी तीन सरकारं सांभाळायची सवय आहेच म्हणा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, किनारी पोलिसांचा १०९३, दोन्ही फोनमध्ये आणि कागदावरही.

आता चौघांचं. ट्रायमरान वजनाला फार नाजूक. त्याचा वेग सडपातळ हलमुळे आहे, ते दोन इंच खाली बसलं की फ्लोट दोन्ही एकदम पाण्याला घासतात आणि होडी फ्लॅट चालते, जड होते, वळताना अडकते. चौघांचं मिळून सव्वादोनशे किलो, वर पाणी: दिवसाला माणशी चार लिटर धरलं तर तीन दिवसांचे ४८ लिटर म्हणजे ४८ किलो. त्यावर नवरे मंडळी म्हणणार दोन बॅटऱ्या, फ्रिज, गॅसची टाकी, चार हजाराची लोखंडी शेगडी. सगळं नाही म्हणा. एक छोटा सोलर पॅनेल, एक बॅटरी, स्पिरिटचा स्टोव्ह, पाणी रोज मुक्कामाला भरायचं. पाण्याचे कॅन सेंटरबोर्डच्या पेटीशेजारी, मागे किंवा टोकाला नाही.

झोपायला आत दोघं. ट्रॅम्पोलिनवर (हल आणि फ्लोटच्या मधे ताणलेल्या कापडावर) बाकीचे, बूमवरून (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरून) तंबूचं कापड टाकून, दव एवढं पडतं की ताडपत्री नसेल तर पहाटे अंथरूण पिळावं लागतं. ट्रॅम्पोलिन मात्र तपासा. कापडाच्या आधी शिवण जाते, उन्हानं. नखानं टाका उचलून बघा, तुटला तर परत शिवून घ्या, यूव्हीचा पॉलिस्टर दोरा. आणि कडेची दोरी एकच लांबच्या लांब ओवू नका, तुकड्या-तुकड्यानं बांधा, म्हणजे एक तुटली तर दहा वर्षांचं पोर तिथून खाली जाणार नाही. पोरांना लाइफजॅकेट झोपेतसुद्धा. रात्री शिडावर जायचं नाही, मासेमारीची जाळी अंधारात दिसत नाहीत आणि सुकाणूत अडकली की जाळं कोळ्याचं आणि भांडण तुमचं.

तुम्हाला झेपेल. पण आधी एक शनिवार-रविवार काळीच्या खाडीत काढा, कुर्मगड बेटापर्यंत जाऊन या, आणि मग ठरवा, नवऱ्याने नाही, तुम्ही.

प्रश्न: अथणीजवळ कृष्णेत चालेल का? – अथणी

उत्तर: नको. बंधारे, पूल, पंपांच्या तारा आणि मगरी. हिडकलला जा.

प्रश्न: निपाणीहून संकेश्वर-आजरा-आंबोली करून खाली नेतो. होडी मिटून वेंगुर्ल्याच्या खाडीत महिनाभर ठेवली तर चालेल का, सारखं घाट चढ-उतार नको. – निपाणी

उत्तर: मिटून पाण्यात ठेवू नका. मिटल्यावर फ्लोट आत-खाली जातो आणि त्याची वरची बाजू पाण्यात बसते, जिथे अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपल्या रोखणारा रंग) लावलेलंच नसतं, महिन्याभरात तिथे शिंपल्या. शिवाय मिटलेली होडी अरुंद, डोलकाठी उभी असेल तर एका जोराच्या झोतात आडवी. उघडून नांगरावर ठेवा नाहीतर किनाऱ्यावर ट्रेलरवर.

ट्रेलरचं म्हणाल तर रस्त्यावर रुंदी २.६ मीटरच्या आत पाहिजे, मिटल्यावर टेपनं मोजा, अंदाजानं नाही. आंबोली उतरताना ब्रेक आणि हब तापतात, तसेच गरम हब थेट खाऱ्या पाण्यात घातले तर आतली हवा आक्रसून पाणी आत ओढते आणि पुढच्या फेरीला बेअरिंग रडायला लागतं. खाली पोचलात की आधी चहा घ्या, हबला हात लावून बघा, गार लागला की मगच रॅम्पवर. परतीला गोड्या पाण्यानं धुवायचं, ग्रीस भरायचं.

प्रश्न: घरचे म्हणतात ट्रायमरान उलटला की सरळ होत नाही. खरं आहे का? – शहापूर, बेळगाव

उत्तर: बरोबर म्हणतात. खाली शिशाचं वजन नाही, त्यामुळे बुडतही नाही आणि आपोआप सुलटाही होत नाही, काठी खाली आणि पोट वर असा तरंगत राहतो. म्हणून उलटू द्यायचाच नाही. समुद्रावर पांढरे फेस सगळीकडे दिसायला लागले की साधारण १२-१५ नॉटचा वारा आहे, तेव्हाच शीड कमी करायचं, नंतर नाही. वाऱ्याखालच्या फ्लोटचं नाक बघत राहा, ते पाण्याखाली जायला लागलं तर उशीर झालेलाच आहे. वाऱ्याकडे जाताना झोत आला तर शीट (शीड ताणणारी दोरी) सोडा आणि थोडं वाऱ्याकडे वळा, पण वारा मागून असताना उलट करायचं, वाऱ्यापासून लांब वळायचं, कारण त्या वेळी वाऱ्याकडे वळलात तर जोर आणखी वाढतो आणि होडी नाकावर जाते. नवीन माणसं इथेच गोंधळतात, म्हणून हलक्या वाऱ्यात हे दहा वेळा करून हाताला सवय लावा. शीटची गाठ कधी मारायची नाही, हातात किंवा झटक्यात सुटणाऱ्या क्लीटमध्ये. डोलकाठीची दोन्ही टोकं बंद करून घ्या, आत पाणी शिरलं नाही तर आडवी झालेली होडी पूर्ण उलटायला वेळ घेते आणि तेवढ्यात दोघं मिळून तिला परत आणू शकतात. १६-१८ फुटीत जमू शकतं, २४ फुटीत नाही.