तारीख उलटलेली गोळी

तुमचं पत्र चार पानांचं, त्यातली साडेतीन नवऱ्यावर. दोन वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये एकाएकी छाती धडधडली, हात बधिर झाले, आता मी मरते असं वाटलं. तेव्हापासून तीन ईसीजी, एक इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. तरी झटके येतातच. नवरा म्हणतो, "मनाचे खेळ आहेत, मन घट्ट कर." त्याला कसं समजावू, हा तुमचा प्रश्न.

नवऱ्याचं राहू द्या. त्याला समजलं काय, न समजलं काय, तुमची धडधड त्याला विचारून येत नाही. मी अडकले तिसऱ्या पानावर, तुम्ही कंसात टाकलेल्या ओळीपाशी: "पर्समध्ये तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी असते. घेतली कधीच नाही, तारीखही उलटून गेलीय, पण ती असली की धीर येतो."

बाई, झटके आले वीस-पंचवीस, असं तुम्हीच लिहिलंय. प्रत्येक ओसरला. कशाने? गोळी तर पर्समधून बाहेरच आली नाही! पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि आपला आपण उतरतो. पंचवीस वेळा तुम्ही निभावून नेलंत आणि पंचवीस वेळा श्रेय त्या गोळीला दिलंत. स्वतःच्या नावावर एकदाही नाही. म्हणून सव्विसाव्या वेळी भीती पहिल्याइतकीच.

हे काही तुमचंच खूळ नव्हे. १८७१ साली बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरांनी मोकळे चौक ओलांडायला घाबरणाऱ्या तीन पुरुषांबद्दल लिहिलं. अगोराफोबिया हे नाव त्यांनीच दिलं. अशा माणसांना सोबत कुणी असलं, अगदी हातात नुसती काठी असली, तरी धीर यायचा. काठी काय करणार होती? तुमच्याकडे काठीच्या जागी गोळी आहे. आणि जिचं इतकं कौतुक केलंत, ती सगळीकडे सोबत येणारी बहीण? तीही काठीच.

नवरा म्हणतो आजारच नाही, तुम्हाला वाटतं हृदयात काहीतरी तपासायचं राहून गेलंय. मला दोघांचंही पटत नाही. पुन्हापुन्हा अवचित येणारे झटके, पुढचा कधी येईल ही महिनोन्महिने धास्ती, तिच्यापायी सोडलेली लिफ्ट, हे वर्णन पॅनिक डिसऑर्डरचं आहे. १९८० पासून डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात तो स्वतंत्र आजार आहे. शिक्कामोर्तब मात्र मानसोपचारतज्ज्ञ करतील, पत्रावरून मी नाही.

उपचार ऐकून तुम्हाला हसू येईल. सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात, थेरपिस्ट मुद्दाम खुर्चीत गरागरा फिरवतात, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावतात, छाती धडधडेल असं बघतात. आणि मग काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं. धडधड म्हणजे मरण नव्हे, हे शरीराला सांगून कळत नाही, अनुभवावं लागतं. औषध दिलंच तर बहुधा एसएसआरआय या चिंता-नैराश्यावरच्या औषधांच्या गटातलं असेल. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढूही शकते. तेव्हा घाबरून परस्पर बंद करायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

ज्या डॉक्टरांनी ती गोळी दिली, त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठीही दिली होती, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. गोळी जपलीत, चिठ्ठी हरवलीत! उद्याच नवी मागून आणा. वेळ घ्या. आत गेल्या गेल्या पर्स उघडा आणि ती गोळी त्यांच्या टेबलावर ठेवा. "ही मी दोन वर्षं बाळगतेय," एवढंच म्हणा. पुढचं विचारायचं काम त्यांचं. बहिणीला बाहेर बसवा.

आणि नवऱ्याला सांगायचंच असेल तर सांगा, त्या दिवशी घरी यायला उशीर होईल.