तुमचे प्रश्न: ट्रम्पचा टॅरिफ, रावेरची केळी आणि पोराचा व्हिसा

नोव्हेंबर 2025 संपत आलाय, कापसाची वेचणी सुरू आहे आणि यावेळी पत्रांत काय, व्हॉट्सॲपवर काय, बहुतेक प्रश्न अमेरिकेचेच आलेत. म्हणून सगळं सदर त्यालाच दिलं. उत्तरं देताना मी एक गोष्ट परत परत विचारणार आहे, की निर्णय घेतला कोणी, कागदावर सही झाली का, आणि लागू कधीपासून. कारण अमेरिकेची बातमी ऐकून आपल्याकडे लोक घाबरून माल काढून टाकतात, घाबरून पोरांची ॲडमिशन रद्द करतात, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं.

"भाऊ, ट्रम्पनी तिकडे टॅरिफ लावा, मंग मना कापूसना भाव इकडे कसा काय पडना? मी तर अमेरिकेला काहीच विकत नाही. व्यापारी दारात येऊन 6800 म्हणतोय. देऊन टाकू का?"
एक शेतकरी, पारोळा तालुका

दादा, तुमचा प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टॅरिफ म्हणजे अमेरिकेत माल उतरला की तिथल्या आयात करणाऱ्याने तिथल्या सरकारला भरायचा कर. भारताच्या मालावर 7 ऑगस्टपासून 25 टक्के लागला, आणि आपण रशियाचं तेल घेतो म्हणून 27 ऑगस्टपासून अजून 25, असे झाले 50. व्हिएतनाम आणि बांगलादेशला मात्र 20 टक्केच. आता आपल्या तयार कपड्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच, त्यामुळे तिरुपूरच्या कारखान्यांच्या ऑर्डरी हलल्या, ऑर्डर हलली की सूत कमी लागतं, सूत कमी लागलं की गिरणी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, घ्यायला हात आखडता घेते आणि सरकी काढणारा जिनिंगवाला तुमच्याकडून भाव तोडून मागतो. हा झाला एक रस्ता.

पण तुमच्या भावाला जास्त जवळून मारलं ते दुसऱ्या निर्णयाने, आणि तो वॉशिंग्टनचा नाही, दिल्लीचा आहे. परदेशी कापसावर आपल्याकडे 11 टक्के आयात शुल्क होतं, 2021 च्या बजेटपासून. कपडा उद्योगाला टॅरिफचा फटका बसला म्हणून त्यांना स्वस्त कापूस मिळावा या कारणाने केंद्राने 19 ऑगस्टपासून ते शुल्क काढून टाकलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत.

याचा हिशोब मांडून बघा. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कापूस या वर्षी पौंडाला 60 ते 70 सेंटच्या मध्ये फिरतोय, आपण 65 धरू. आपली खंडी 356 किलोची, म्हणजे 785 पौंड. 785 गुणिले 65 सेंट म्हणजे 510 डॉलर, डॉलर 89 रुपयांचा धरला तर खंडी पडली साधारण 45 हजाराला, जहाजाचं भाडं आणि विमा वेगळा. त्यावर 11 टक्के शुल्क असतं तर अजून 5 हजार चढले असते. आता शंभर किलो कापसातून रुई निघते 34 किलोच्या आसपास, म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. 5 हजार भागिले साडेदहा केलं की क्विंटलमागे पावणेपाचशे रुपये होतात. शुल्क काढल्याने सगळेच्या सगळे पावणेपाचशे तुमच्याच खिशातून गेले असं नाही म्हणणार मी, बाजारात अजून दहा गोष्टी असतात, पण परदेशी रुई आपल्या रुईसमोर किती स्वस्त होऊन उभी राहिली ते यातून कळतं.

आणि इथे मला स्पष्ट बोलायचंय. गिरण्या जगल्या पाहिजेत, तिथे काम करणारी पण गरीबच माणसं आहेत, हे मान्य. पण नवा कापूस घरात यायच्या बरोबर तोंडावर शुल्क काढणं म्हणजे अमेरिकेच्या टॅरिफचं ओझं कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यावर देणं झालं. उद्योगाला मदत करायची तर सरकारने स्वतःच्या तिजोरीतून करावी. 31 डिसेंबरनंतर शुल्क परत लागणार का, हे पण दिल्लीतच ठरणार आहे, त्यामुळे आपल्या खासदाराला ट्रम्पबद्दल नाही, याबद्दल विचारा.

आता 6800 ला द्यायचा का? 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला लांब धाग्यासाठी 8110 आणि मध्यम धाग्यासाठी 7710 आहे. सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारी केंद्राची कंपनी, 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, 12 पर्यंत टक्क्यामागे कापते आणि 12 च्या वर घेत नाही. कपास किसान ॲपवर नोंदणी लागते, सातबाऱ्यावर कापसाचा पेरा लागलेला पाहिजे. घरात ओला कापूस असेल तर पत्र्यावर, ओट्यावर दोन-चार उन्हं दाखवा, फरदडीचा (हंगाम सरल्यावर परत घेतलेला) आणि कवडीचा (किडका, नीट न फुललेला) वेगळा ठेवा, आणि नड नसेल तर खेडा खरेदीत, म्हणजे दारात आलेल्या व्यापाऱ्याला, देऊ नका. नड असेल तर गरजेपुरताच काढा, सगळा नको. घरात आजारपण असेल, सोसायटीचा तगादा असेल तर थांबा म्हणणं सोपं नसतं हे मला माहीत आहे.

"ट्रम्पने केळीवरचा टॅरिफ काढला अशी बातमी वाचली. मग आता रावेर-यावलची केळी अमेरिकेला जाणार का? आमच्या ग्रुपवर तर लोक पेढे वाटायला निघालेत."
एक केळी उत्पादक, रावेर

बातमी खरी आहे पण पेढे नका वाटू. 14 नोव्हेंबरला ट्रम्पने आदेश काढून केळी, कॉफी, गोमांस, टोमॅटो, चहा, मसाले अशा बऱ्याच खाण्याच्या वस्तू त्या परस्पर टॅरिफमधून (आपल्यावरचे 7 ऑगस्टचे पहिले 25 टक्के ते हेच) वगळल्या. का वगळल्या ते समजून घ्या. अमेरिकेत केळी जवळजवळ पिकतच नाही, हवाई आणि फ्लोरिडात थोडीफार, बाकी सगळी ग्वाटेमाला, इक्वेडोर, कोस्टारिकाहून येते. जी वस्तू तुमच्याकडे होतच नाही तिच्यावर कर लावून तुम्ही कोणता शेतकरी वाचवला? फक्त गिऱ्हाइकाचं बिल वाढलं. त्यात 4 नोव्हेंबरला न्यू जर्सी, व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क शहरात निवडणुका झाल्या, तिन्हीकडे डेमोक्रॅट जिंकले आणि प्रचारात महागाईच गाजली. दहा दिवसांत हा आदेश आला.

म्हणजे फायदा ग्वाटेमालाला, त्यांचं जहाज काही दिवसांत अमेरिकेच्या बंदरात लागतं. आपली केळी जेएनपीटीवरून कंटेनरमध्ये आखाताकडे जाते, आपली बाजारपेठ तीच, आणि तिथे पण स्पर्धा इक्वेडोर आणि फिलिपाइन्सच्या मालाशी आहे. आपली केळी तिथे मार खाते ती चवीत नाही, डागात आणि पॅकिंगमध्ये. घड झाकणं, फण्या पाण्यात धुणं, काढल्यापासून गारव्यात ठेवणं यावर ज्यांनी खर्च केला त्यांना भाव मिळतोय. जळगावच्या केळीला 2016 पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, त्याचा वापर आपण अजून मनापासून केलेलाच नाही. अमेरिकेकडे बघत बसण्यापेक्षा तालुक्यात पॅकहाउस आणि शीतगृहं कशी वाढतील ते बघू.

"तिकडे सरकारच 43 दिवस बंद होतं म्हणे. एवढा श्रीमंत देश, सरकार बंद कसं पडतं?"
निवृत्त शिक्षक, अमळनेर

सर, तिकडचं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि तोपर्यंत संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही तर खर्च करायचा अधिकारच राहत नाही. आपल्याकडे बजेट पडलं तर सरकार पडतं, तिथे राष्ट्राध्यक्ष जागेवरच राहतो आणि कचेऱ्या बंद होतात. सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या 100 जणांच्या वरच्या सभागृहात, असं बिल पुढे न्यायला 60 मतं लागतात, रिपब्लिकनांकडे 53. डेमोक्रॅट म्हणाले, आरोग्य विम्याची जी सवलत डिसेंबरअखेर संपतेय ती वाढवा, मग मत देतो. रिपब्लिकन म्हणाले, आधी सरकार उघडा. 12 नोव्हेंबरला सुटलं, आधीचा विक्रम 35 दिवसांचा होता. बहुतेक खात्यांच्या पैशाची सोय फक्त 30 जानेवारी 2026 पर्यंत झालीय, त्यामुळे तारीख लिहून ठेवा.

हाल झाले गरिबांचे. जवळपास 4 कोटी 20 लाख लोक सरकारी मदतीवर किराणा घेतात, नोव्हेंबरची ती मदत अडकली. आणि एक गोष्ट जी आपल्याशी जोडलेली आहे, अमेरिकेचं कृषी खातं दर महिन्याला जगातल्या पिकांचा अंदाज काढतं, कापूस किती होणार, साठा किती, कोण किती घेणार. ऑक्टोबरचा तो अहवाल निघालाच नाही, थेट 14 नोव्हेंबरला आला. जळगावच्या जिनिंगमध्ये बसलेला माणूस पण त्या आकड्यांवर सौदे करतो, म्हणजे ऐन हंगामाच्या सुरुवातीला सगळे अंधारात चाचपडत होते.

"मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, एमएसला अमेरिकेत जायचं म्हणतो. आता एच-वन-बी व्हिसाला 1 लाख डॉलर लागतात म्हणे. शेत गहाण ठेवून कर्ज काढावं का? रात्री झोप लागत नाही."
एक आई, भुसावळ

ताई, एच-वन-बी म्हणजे तिथे नोकरी करायचा व्हिसा. आधी 1 लाख डॉलरचं सांगतो. तो आदेश 19 सप्टेंबरला, शुक्रवारी निघाला आणि 21 पासून लागू झाला. तिथल्या मंत्र्यानेच आधी सांगितलं की दरवर्षी भरावे लागतील, मग व्हाइट हाउसने खुलासा केला की एकदाच, आणि फक्त नव्या अर्जाला. मधल्या काही तासांत भारतात सुट्टीवर आलेली पोरं जी मिळेल ती विमानं पकडून परत पळाली, काहींनी घरातलं लग्नकार्य सोडलं. ऑक्टोबरमध्ये अजून स्पष्ट केलं की जो तिथेच विद्यार्थी व्हिसावर शिकतोय आणि तिथेच राहून एच-वन-बीवर जातोय त्याच्यासाठी हा पैसा लागू नाही. म्हणजे तुमच्या मुलाच्या वाटेत सध्या तरी तो थेट येत नाही, आणि तसाही हा पैसा कंपनीने भरायचा असतो.

पण म्हणून निर्धास्त व्हा असं मी सांगणार नाही. एच-वन-बीच्या वर्षाला जागा 85 हजार आणि अर्ज कितीतरी पटीने, निवड 2025 पर्यंत साध्या सोडतीने होत आली. जास्त पगारवाल्याला जास्त संधी मिळेल असा बदल करायचा प्रस्ताव सप्टेंबर 2025 मध्ये आला, नवख्या मुलाला तो जड जाणार. शिक्षण झाल्यावर काम करायला 12 महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वर 24, असे एकूण 36 महिने आज मिळतात. मी तुमच्या जागी असतो तर सगळा हिशोब त्या 36 महिन्यांवरच केला असता. एवढ्या काळात पगारातून कर्ज फिटेल का? सोडतीत नंबर लागलाच नाही आणि मुलगा पुण्यात परत आला तर इथल्या पगारात हप्ता निघेल का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर जाऊ द्या पोराला, त्याचे पंख कापू नका. नसेल तर शेत गहाण ठेवू नका. एजंट म्हणेल काही होत नाही ताई, सगळे जातात, पण हप्ता एजंट नाही भरणार.

जर्मनीची सरकारी विद्यापीठं पण त्याला बघायला सांगा, बहुतेक ठिकाणी फी नाममात्र आहे. आणि हे सगळं त्याच्याशी समोर बसून बोला, शेताचा उतारा टेबलावर ठेवून बोला, पोरांना कळतं.

"नासा आणि इस्रोने मिळून सोडलेला उपग्रह आमचं शेत बघू शकतो का? आणि नासाचा पैसा कापला तर तो बंद पडेल का?"
अकरावीची विद्यार्थिनी, शहादा

किती छान प्रश्न विचारलास! तो निसार. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोटावरून जीएसएलव्ही-एफ16 ने वर गेला, 747 किलोमीटर उंचीवरून फिरतो. त्यात दोन रडार आहेत, 24 सेंटिमीटर तरंगलांबीचं एल-बँड नासाचं आणि 9 सेंटिमीटरच्या आसपासचं एस-बँड इस्रोचं, आणि वर 12 मीटर रुंदीची जाळीची अँटेना जी अंतराळात गेल्यावर छत्रीसारखी उघडली. रडार स्वतःच लहरी सोडतं आणि परत आलेल्या मोजतं, त्यामुळे ढग असोत की रात्र, त्याला फरक पडत नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं असतं तेव्हा साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खाली काहीच दिसत नाही, आणि पिकाला नजरेची गरज नेमकी तेव्हाच असते.

तुमचं शेत म्हणजे झाड आणि झाड दिसणार नाही, पण मातीत ओल किती, पीक किती दाट झालं, तापीचं पाणी कुठपर्यंत पसरलं हे कळू शकतं, आणि 12 दिवसांनी तो परत त्याच जागेवरून जातो, म्हणजे बदल मोजता येतो. जमीन काही सेंटिमीटर खचली तरी पकडतो. यावल-रावेर पट्ट्यात बोअरवेलने इतकं पाणी उपसलंय की कोणीतरी अभ्यासू माणसाने हा डेटा घेऊन तिथली जमीन तपासायला पाहिजे. डेटा सगळ्यांना मोफत आहे. तुला भूगोल आणि गणित आवडत असेल तर ती कोणीतरी तूच का असू नये?

पैशाचं म्हणशील तर व्हाइट हाउसने 2026 साठी नासाचं बजेट 24.8 अब्ज डॉलरवरून 18.8 अब्जावर आणायचा आणि विज्ञान विभागाचा जवळपास निम्मा पैसा कापायचा प्रस्ताव ठेवलाय. पण तो प्रस्तावच आहे, पैसा मंजूर करायचा अधिकार संसदेचा, आणि तिथे दोन्ही पक्षांतल्या खासदारांनी एवढ्या कपातीला विरोध केलाय. निसार तर वर गेलेला आहे, आणि अर्धं यंत्र आपलं आहे. शाळेत कॉम्प्युटर असेल तर सरांना सांगून इस्रोचं भुवन पोर्टल उघड, नकाशावर आधी शहादा शोध, मग तुमचा शिवार.