जीआरई: आत्तेभावाचा सल्ला आणि पावणेदोन मिनिटं

जीआरई म्हणजे परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिच्याबद्दल तुमच्या शंका दोन. पहिल्या पाच प्रश्नांवरच स्कोअर ठरतो, त्यांना पाच-पाच मिनिटं दे, हे आत्तेभावाचं म्हणणं खरं का? आणि मॉकमध्ये (सराव परीक्षेत) क्वांटचा, म्हणजे गणिताचा, दुसरा सेक्शन फार अवघड आला, म्हणजे आपलं काम बिघडलं का?

आत्तेभाऊ थापा मारत नाहीये. त्याने २००८ ला परीक्षा दिली, मीही त्याच वर्षी दिली (मंदी आली, जाणं राहिलं). तेव्हा एका उत्तरावरून पुढचा प्रश्न यायचा आणि मागे फिरायची सोय नव्हती. ती जीआरई ऑगस्ट २०११ मध्येच बंद झाली. २०२४ मध्ये पुन्हा बसलो, तर ओळख पटू नये इतकी बदललेली.

आता संगणक प्रश्नागणिक नाही, सेक्शनगणिक तुमचा अंदाज घेतो. क्वांटच्या पहिल्या सेक्शनमध्ये १२ प्रश्न, २१ मिनिटं. ते एकूण कसे सोडवले, त्यावरून पुढचा १५ प्रश्नांचा सेक्शन सोपा की अवघड ते ठरतं. सेक्शनच्या आत सगळ्या प्रश्नांचं वजन सारखंच. पाच प्रश्नांना पाच-पाच मिनिटं दिलीत तर २५ झाली, सेक्शन २१ मिनिटांचा! प्रत्येकी पावणेदोन मिनिटं मिळतात. अडलं की खूण करा, पुढे जा, शेवटी परत या. चुकीला उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडू नका.

दुसरा सेक्शन अवघड आला, ही बहुतेक चांगलीच बातमी. स्कोअर काढताना तो अवघडपणाही धरला जातो. पण परीक्षेत बसून असले होरे बांधू नका. मी बांधत बसलो आणि त्या नादात दोन सोपे प्रश्न घालवले.

आपण इंजिनिअरिंगवाले क्वांटमध्ये अवघड प्रश्नांना नाही, सोप्यांना फसतो. उदाहरणार्थ: क्ष हा १ पेक्षा लहान आहे, क्षचा वर्ग मोठा की क्ष? डोक्यात लगेच अर्धा येतो, त्याचा वर्ग पाव, म्हणून ‘क्ष मोठा’ वर टिचकी. उणे दोन घेऊन बघा, वर्ग चार. म्हणजे दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही, हेच उत्तर. शून्य, ऋण संख्या, अपूर्णांक हे त्रिकूट तपासायची सवय हाताला लागली पाहिजे. चुकांची एक वही करा. त्यात उत्तर नको, ‘मी काय गृहीत धरलं’ एवढंच लिहा. माझ्या वहीत निम्म्या पानांवर ‘ऋण विसरलो’ होतं.

व्हर्बलला, म्हणजे इंग्रजीच्या भागाला, हजारो शब्दांच्या याद्या घोकण्याआधी ओळखीच्या शब्दांकडे संशयाने बघा. आपल्याकडे लोन ‘सँक्शन’ होतं, म्हणून सँक्शन म्हणजे मंजुरी. जीआरईत तो निर्बंध किंवा शिक्षा या अर्थानेही येतो. आपण परीक्षेत ‘क्वालिफाय’ होतो. तिथे लेखक आपलं विधान क्वालिफाय करतो, म्हणजे त्याला मर्यादा घालतो, जरा मवाळ करतो. मला अनोळखी शब्दांपेक्षा ह्या ओळखीच्यांनी जास्त दगा दिला. आणि तीन रिकाम्या जागांच्या प्रश्नात दोन बरोबर आल्या तरी गुण शून्य, तेव्हा तिथे रेंगाळू नका.

मॉकचं म्हणाल तर जीआरई घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या दोन फुकट पॉवरप्रेप सराव परीक्षा खऱ्या परीक्षेसारख्याच बदलत जातात. पीडीएफवर ते होत नाही. तुमच्याकडे दहा आठवडे आहेत. एक पहिल्या पंधरवड्यात द्या, दुसरी शेवटच्या दहा दिवसांसाठी राखून ठेवा. निबंधासकट एका बैठकीत, १ तास ५८ मिनिटं, मध्ये चहा नाही.

नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव चिकटलेलं असतं आणि फॉर्म भरताना ते हमखास गळतं.