शेवाळातल्या प्रथिनामुळे अंधाला दिसू शकतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: 'शेवाळातलं एक प्रथिन माणसाच्या पेशीत घातलं की नुसता उजेड पाडून ती पेशी चालू-बंद करता येते, हे खरं का? माझ्या धाकट्या भावाला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. त्याला याचा उपयोग होईल का?'

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं आज तरी नाही. पण हे 'नाही' कशामुळे आहे ते कळलं, तर डॉक्टरांना पुढे काय विचारायचं ते तुम्हाला उमजेल, म्हणून सविस्तर लिहितो. मी सोलापुरात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, आणि माझ्या मामांना हाच आजार होता: यात डोळ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात.

पावसाळा सरला की पोरांना घेऊन मी कंबर तलावावर जायचो. हिरवट पाणी बाटलीत भरून आणायचं, बाटलीला काळा कागद गुंडाळायचा आणि एका बाजूला बोटाएवढं भोक ठेवायचं. काही वेळानं कागद सोडला की नेमका भोकासमोर हिरवा ठिपका जमलेला दिसायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की त्यात क्लॅमिडोमोनस सापडायचं: एका पेशीचं शेवाळ, पोहायला दोन बारीक शेपट्या आणि अंगावर एक नारिंगी डाग. त्या डागाशेजारच्या पापुद्र्यात तुम्ही म्हणता ते प्रथिन असतं, चॅनेलऱ्होडॉप्सिन. उजेड कुठून येतोय हे शेवाळाला त्याच्यामुळे कळतं.

या प्रथिनाची खुबी अशी की उजेड ओळखणारा तोच आणि दार उघडणाराही तोच. त्याच्या पोटात रेटिनल नावाचा रेणू बसलेला असतो. तो जीवनसत्त्व अ पासून बनतो. निळा उजेड पडला की रेटिनल वाकतो, प्रथिनात एक वाट उघडते आणि धन भाराचे आयन आत शिरतात. आता चेतापेशी पेटते, म्हणजे संदेश सोडते, ती कशानं? आत धन भार शिरल्यानंच. म्हणजे शेवाळाचं दार चेतापेशीच्या भिंतीत बसवलं, तर दिवा लावून तिला पेटवता येईल. शिवाय रेटिनल आपल्या ऊतींत असतोच, तो बाहेरून द्यावा लागत नाही. (म्हणून भावाला जीवनसत्त्व अ च्या गोळ्या मनानं सुरू करू नका. त्या जास्त झाल्या तर यकृताला इजा होते.)

उजेडावर चालणारी सूक्ष्मजीवांची प्रथिनं शेवाळातल्या या दाराचा शोध लागण्याआधीच माहीत झाली होती. मिठागरासारख्या खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या एका जीवाच्या जांभळ्या पापुद्र्यात 1971 मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांना बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन सापडलं. पण तो पंप आहे. एका प्रकाशकणामागे एकच प्रोटॉन बाहेर टाकतो. शेवाळातलं प्रथिन म्हणजे थेट दार, हे नागेल, हेगेमान आणि बाम्बेर्ग यांनी 2002 आणि 2003 मध्ये दाखवलं. मग 2005 मध्ये बॉयडन, डायसरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बशीत वाढवलेल्या चेतापेशींत घातलं. निळ्या उजेडाचा एकेक झोत पडला की पेशीतून एकेक संदेश उमटत होता, तोही मिलिसेकंदांच्या हिशेबात. पेशी गप्प करायलाही असंच प्रथिन आहे, हॅलोऱ्होडॉप्सिन. ते पिवळ्या उजेडात क्लोराइड आत ओढतं.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती निवड. माझे वडील पूर्व भागात चादरीच्या मागावर होते. जेकार्डमध्ये भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी फिरते आणि कुठला धागा उचलायचा, कुठला खाली ठेवायचा हे ती ठरवते, म्हणून तर चादरीवर मोर उमटतो. मेंदूत तार घालून वीज सोडली की आसपासचे सगळेच धागे एकदम उचलले जातात. इथं मात्र प्रथिनाच्या जनुकाआधी असा तुकडा जोडता येतो, की ते ठरावीक जातीच्या पेशीतच तयार व्हावं. उजेड सगळ्यांवर पडला तरी उठतो तेवढाच धागा.

आता डोळा. तुमच्या भावाच्या आजारात डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या उजेड टिपणाऱ्या पेशी मरत जातात, पण मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लियन पेशी बऱ्याच काळ शिल्लक राहतात. त्यांनाच उजेड टिपायला शिकवायचं, ही कल्पना. 2021 मध्ये असा पहिला रुग्ण जाहीर झाला: 58 वर्षांचे गृहस्थ, आजाराचं निदान होऊन 40 वर्षं झालेली, नुसता उजेड-अंधार कळायचा. त्यांच्या एका डोळ्यात, आजार न करणाऱ्या विषाणूवर लादून, दुसऱ्या एका क्लॅमिडोमोनसपासून घडवलेल्या क्रिमसनआर प्रथिनाचं जनुक सोडलं. हे प्रथिन नारिंगी उजेडाला जागतं. तो उजेड निळ्याइतका डोळ्याला टोचत नाही. पुढे काही महिने सराव झाल्यावर टेबलावरची वही कुठे आहे हे त्यांना कळू लागलं, पेले मोजता येऊ लागले.

पण खास चष्मा घातला तरच. त्याचं कारण समजून घ्या. आपल्या डोळ्यातल्या मूळ पेशीत एका प्रकाशकणामागे रसायनांची साखळी पेटते आणि संदेश कितीतरी पटींनी वाढतो. शेवाळाच्या दाराला अशी साखळी नाही, त्याला भरपूर उजेड लागतो. म्हणून चष्म्यातला कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो आणि नारिंगी झोतांच्या रूपात पडद्यावर टाकतो. चेहरा ओळखणं, वाचणं अजून फार लांब आहे. ही चाचणीच आहे, दवाखान्यात मिळणारा उपचार नाही. कुणी पैसे घेऊन 'शेवाळ थेरपी' देतो म्हणाला तर कृपा करून जाऊ नका.

आज भावासाठी करण्यासारखं एक काम आहे: जनुकीय तपासणी. हा आजार डझनावारी वेगवेगळ्या जनुकांतल्या बिघाडानं होतो. त्यातल्या आरपीई65 या एका जनुकासाठी अमेरिकेत 2017 मध्ये जनुक-उपचार मंजूर झाला, पण तो त्याच बिघाडाला लागू पडतो आणि पेशी जिवंत असतानाच उपयोगी. शेवाळाच्या प्रथिनाला कुठलं जनुक बिघडलंय याच्याशी देणंघेणं नाही, उजेड टिपणाऱ्या पेशी मेल्यानंतरही ते चालतं. माझी आशा त्यावर आहे ती यामुळेच. घरात नात्यात लग्नं झाली असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. आमच्याकडे झाली होती.

मामा शेवटची काही वर्षं टेबलावर हात सरकवत सरकवत पाण्याचा पेला शोधायचे. त्या गृहस्थांनी पेले मोजले हे वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नव्हतं. भावाच्या रिपोर्टमध्ये जनुकाचं नाव आलं की मला कळवा. मी वाचून सांगेन.